सात वेढे

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मागच्या बोळात माझं दुकान.
पाटी नाही. दारातल्या जळक्या मोटारीच पाटी.
एप्रिलात त्या शिरोळहून, कागलहून येतात
पोटात कोळसा घेऊन,
आणि मालक पायरीवरनंच विचारतो,
“वाइंडिंगला एवढं? मग नवीनच घिऊ की.”
घे बाबा. कोण अडवलंय.
मी मोजायला लागले की बोलत नाही.
बेचाळीस, त्रेचाळीस…
मधे कुणी हाक मारली
तर सगळं उसवायचं, परत पहिल्यापासनं.

काल दुपारी निहाल आला, बागवानांचा,
पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष, मिशी अजून विचारात.
खिशातनं बोटाएवढी नळी काढली, परत आत ठेवली.
“मावशी, बारीक नायक्रोम हाय का? वीतभर.”
आवाज असा, की काडतूस मागतोय.
बंदी आल्यापासनं म्हणे रेडिमेड कॉइल
पाचाच्या पाकिटाला बाराशे,
त्यातल्या दोन जन्मतःच मेलेल्या,
उरलेल्या आठवड्यात करपट.

एक मेलेली मी पक्कडीनं फोडली.
टोपीखाली कापूस, कापसात वेढे,
कुठल्या तरी मशिनीनं मारलेले,
एकसारखे, न चुकलेले.
माझ्या तीस वर्षांत
असा एक स्लॉट मला भरता आलेला नाही.
हे त्याला सांगितलं नाही.

हीटरची वायर होती डब्यात शिल्लक.
तराजूत टाकली. काटा हललाच नाही.
“ह्याचं काय घेऊ तुझ्याकडनं?”
वर तीनचं ड्रिल-बिट दिलं, गुंडाळायला.
“तूच वळून दे की मावशी, तुझा हात बसलाय.”
धूर तुझा, वेढे तुझे, म्हटलं.
सात मार. एकाला एक चिकटून. ताण सोडू नको.

सात वेढे मीही मारलेत एकदा,
रंकाळ्याच्या बाजूच्या वडाला, पांढऱ्या दोऱ्याचे.
शेजारणी बाजारातनं फांदी विकत आणायच्या
आणि घरातच उरकायच्या.
मी उन्हात चालत गेले होते.
त्यांचे नवरे आहेत अजून.
माझा पुण्याला गेला, दोरा बहुतेक त्या झाडावरच.

पोरानं बॅटरी जोडली.
कॉइल एका टोकाला लाल, दुसऱ्याला काळी.
मधनं पेटायला पाहिजे, मधनं बाहेर, मी म्हटलं.
चिमट्यानं दाबली, कापूस भरला, ओढलं, ठसकला.
दुकानात स्ट्रॉबेरीचा वास,
व्हार्निशवर, ग्रीसवर, आईच्या खुर्चीपर्यंत.

आई निपाणीची.
दिवसाला हजार विड्या वळल्या तिनं, तेवीस वर्षं.
आता डोळ्यांना दिसत नाही फारसं,
पण पदराचं टोक बोटांत धरून
दिवसभर वळत असते, बंद करते, सोडते.
“काय वडतोय त्यो?”
“वाफ, आक्का.”
“पान कुठं हाय ह्यात?”
“पान नसतंय.”
“मग वळतोय काय?”

त्यानं कॉइल काढून तिच्या तळहातावर ठेवली.
अंगठ्यानं तिनं ती एकदाच फिरवली,
पुन्हा जोडीला तर्जनी घेतली.
“सैल हाय. छाटात जाणार.
आमचा मुकादम असली हजारातनं येचून काडायचा,
आन् पैसे आमचेच कापायचा.”
आणि परत पदराकडे वळली.

मला वाटलं, आता म्हणेल,
जाऊ दे, रेडिमेडच मागवतो.
मित्र आहे त्याचा कोण बेळगावला.
पण त्यानं वायर सोडवली.
एकदा वळलेली वायर सरळ होत नाही,
जुन्या वेढ्यांकडंच ओढते.
त्यानं ती फेकली आणि डब्याकडं हात केला.
मी डबा पुढं सरकवला.

दारात टेम्पो येऊन थांबला,
पाच एचपीची मोटार, हॉर्नवर हॉर्न.
मी हातानंच खूण केली, थांब.
आत पोरगं पुटपुटत होतं,
एक… दोन…